स्वप्नालीची मापवही

स्वप्नाली पहिल्यांदा आमच्या घरी आली ती भाड्याची खोली बघायला. खोली तिने नंतर बघितली. आधी तिने मला बघितलं, कमरेच्या पिशवीतून टेप काढली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काका, जरा पाय सोडून बसा."

मी पाय सोडून बसलो. सरकारी नोकरीत उभी हयात गेलेल्या माणसाला कुणी ठाम आवाजात काही सांगितलं की तो आधी करतो आणि मग विचार करतो. तिने माझ्या गुडघ्यामागून टाचेपर्यंत टेप लावली, वहीत काहीतरी टिपलं, मग खुर्चीच्या पायाला टेप लावली आणि डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी मान हलवली.

"काका, तुमच्या टाचा टेकत नाहीत."

"कुठं?"

"जमिनीला. खुर्ची अठरा इंच आहे, तुम्ही सोळा आहात. किती वर्षं बसताय हिच्यावर?"

"बावीस."

"म्हणजे बावीस वर्षं तुम्ही लोंबकळताय."

आतून माझी बायको मंगल पदराने तोंड झाकत बाहेर आली. ती हसू दाबतेय असं तिला वाटत होतं. खोली किती लांबरुंद आहे, पाणी किती वाजता येतं, यातलं काहीही न विचारता स्वप्नालीला खोली मिळाली, कारण तसा निर्णय मंगलने त्याच क्षणी घेऊन टाकला होता.

माझी ओळख करून देतो. मी सरकारी बांधकाम खात्यात अडतीस वर्षं ओव्हरसियर होतो. सिमेंट, खडी आणि सळई ही माझी तीन दैवतं. मातीचं घर म्हणजे जे पाडून आपण पक्कं घर बांधतो ते, अशी माझी सरळ समजूत. सांगलीच्या विश्रामबागेतला हा बंगला मी स्वतः उभा राहून बांधून घेतला आणि त्यात लोखंड इतकं घातलं की भिंतीला साधं कॅलेंडर टांगायचं म्हटलं तरी खिळे वाकतात. अशा माणसाच्या स्कूटर ठेवायच्या खोलीत मातीची घरं बांधणारी आर्किटेक्ट येऊन बसली, याला नशीबच म्हणायचं.

तिने दाराबाहेर पाटी लावली. वर नाव, खाली वास्तुरचनाकार, आणि त्याच्या खाली 'माती, चुना, दगड, लाकूड'. पहिल्याच आठवड्यात एक जण मोटारसायकल थांबवून विचारायला आला, "एक ब्रास मुरूम किती वेळात टाकताय?" स्वप्नालीने त्याला आत बोलावलं, चहा पाजला, मुरूम कशाला हवाय ते विचारलं आणि जाताना त्याच्या गुडघ्याचं माप घेतलं. तो माणूस अजून कधी रस्त्यात भेटला की मला नमस्कार करतो, पण आमच्या गल्लीत येत नाही.

ही मापं जिच्यात जायची ती वही म्हणजे मापवही. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार उधारीला वापरतात तसली जाडजूड. प्रत्येक माणसाला एक पान. उंची, गुडघा, कोपर, हात वर केल्यावर कुठवर पोचतो, बसल्यावर डोळे कुठे येतात. शिंपी अंगरख्याचं माप घेतो, मग घराचं का नको, असा तिचा रोकडा सवाल. "काका, घर अंगाला बसलं पाहिजे. नाहीतर माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाचं घर घालून फिरतो."

आणि तिचा आवडता प्रश्न: "तिथं बसून बघितलंय का?"

हा प्रश्न ती कुणालाही, कशाबद्दलही विचारायची. समोरच्या बिल्डिंगवाल्याने नवीन गॅलरी काढली, तो मोठ्या कौतुकाने दाखवायला लागला, तर ही म्हणाली, "छान आहे. चार वाजता तिथं बसून बघितलंय का?" त्याने बसून बघितलं. पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत. तेव्हापासून त्या गॅलरीत फक्त पापड वाळतात. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती भर दुपारी अर्धा तास बसायची. मी विचारलं तर म्हणे, "तुमच्या अख्ख्या बंगल्यात वारा फक्त इथं येतोय काका. तुम्हाला माहीत होतं?" मला माहीत नव्हतं. आमच्या मांजराला मात्र माहीत होतं, ते तिच्या आधीपासून तिथे झोपत होतं.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग ती एक दिवस स्वयंपाकघरात शिरली.

मंगलची उंची चार फूट दहा इंच. तिच्या ओट्याची उंची चौतीस इंच. खात्याचं प्रमाण माप आहे ते, मी कुठल्याही क्वार्टरला तेच धरत आलो. स्वप्नालीने मंगलला पोळी लाटताना पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "काकू, उजवा खांदा दुखतो ना?"

मंगलने लाटणं खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

स्वप्नालीने देवघरातला जेवायचा पाट आणून मंगलच्या पायाखाली सरकवला. मंगल पाटावर उभी राहिली, एक पोळी लाटली, दुसरी लाटली, आणि मग अगदी सावकाश माझ्याकडे वळून बघितलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली आमच्या. त्या नजरेत त्यातली तीस तरी होती. खांद्याला मी मलमं आणली होती, शेकायची पिशवी आणली होती, मिरजेच्या डॉक्टरांकडे तीन खेपा घातल्या होत्या. ओट्याला टेप लावून बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ओव्हरसियर.

त्या दिवसापासून मंगल पाटावर उभी राहून स्वयंपाक करते आणि घरी कोणी आलं की पाटाची कथा सांगते. खलनायक कोण ते सांगायला नको.

स्वप्नाली मूळची उंब्रजची. वडील ट्रक चालवायचे, त्यामुळे कधी घरी तर कधी मद्रासला. ती वाढली कराडात आत्याकडे. "आई मी चार वर्षांची असताना गेली," असं एकदा बोलता बोलता म्हणाली आणि लगेच मला विचारलं, "काका, तुमच्या वेळी चुना कुठल्या भट्टीतून यायचा?" मीही चुन्यावर बोलत राहिलो.

आर्किटेक्चरचं शिक्षण पुण्यात झालं. तिथे पहिल्या वर्षाला मास्तरांनी सांगितलं, तुमच्या स्वप्नातलं घर काढा. सगळ्या पोरांनी समुद्राकाठचे बंगले काढले. हिने गोठा काढला. म्हशीचं पान, तिची उंची, ती मान कुठवर वळवते, गव्हाण किती उंच हवी, सगळं मापात. मास्तरांनी विचारलं, हे काय? तर ही त्यांनाच म्हणाली, "सर, तुम्ही कधी गोठ्यात बसून बघितलंय का?" मार्क किती मिळाले ते तिने मला कधी सांगितलं नाही.

पुढे एका मोठ्या ऑफिसात वर्षभर काम केलं. काचेची चौदा मजली इमारत होती आणि हिच्या वाट्याला चौदाही मजल्यांची स्वच्छतागृहं आली होती. एकदा तिने साहेबांना सुचवलं की पश्चिमेची काच कमी केली तर एसी कमी लागेल. साहेब म्हणाले, काच कमी केली तर इमारत इमारतीसारखी दिसणार नाही. त्याच महिन्यात ती बॅग भरून परत आली.

मग वर्षभर ही सातारा-सांगलीतली गावं फिरली. जुनी घरं मोजायची. सोप्याचे, म्हणजे पुढच्या ओसरीचे, कट्टे, भिंतीतले कोनाडे, जाड मातीच्या भिंती, कौलांचा उतार. गावात एक पोरगी टेप घेऊन घरं मोजतेय म्हटल्यावर लोकांनी आपापला अर्थ लावला. कृष्णाकाठच्या एका गावात बातमी पसरली की हायवे गावातून जाणार आणि ही भरपाईची मोजणी आहे. मग काय, प्रत्येक घरी चहा, पोहे, शिरा. एक म्हातारबा टेपचं दुसरं टोक धरून हळूहळू मागे सरकायला लागले.

"आवं आजोबा, तुमी अंगणात गेलासा," स्वप्नाली ओरडली.

"आसूं दे की पोरी," म्हातारबा म्हणाले. "सोपा जरा ऐसपैसच लिव्ह. सरकारचं काय जातंय?"

ही गोष्ट सांगताना तिला इतकं हसू यायचं की डोळ्यांतून पाणी वाहायचं. गावाकडच्या माणसाचं बोलणं आलं की तिची भाषा आपोआप उंब्रजला जाऊन पोचायची. रागावली तरी तेच. पण ती रागावलेली मी एकदाच बघितली, आणि ते माझ्यामुळे.

झालं असं, की कुंडलच्या सुभेदार जगतापांनी तिला घर बांधायला दिलं. तिचं पहिलंवहिलं स्वतःचं काम. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली, ऊस उत्तम, पोरगा पुण्यात नोकरीला. त्यांना खरं तर चार कालमांचा, पुढे गोल खांबांचा बंगला हवा होता. पण त्यांच्या पत्नी, शालनकाकी, पत्र्याच्या स्वयंपाकघरात तीस उन्हाळे भाजून निघालेल्या. त्यांनी स्वप्नालीचं बोलणं ऐकलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मला गार घर पायजे. खांब तुमी शेतात उभं करा."

सुभेदारांचं माप घ्यायला मीही गेलो होतो. त्यांना उभं राहा म्हटलं तर ते सावधानमध्ये उभे राहिले. बसा म्हटलं तर खुर्चीतही सावधानच. पाठ ताठ, मुठी मांडीवर, नजर समोरच्या उसावर.

"काका, सैल बसा. घरात बसता तसे," स्वप्नाली म्हणाली.

"घरात मी असाच बसतो."

"खरंच हो बाई," शालनकाकी दारातून म्हणाल्या. "झोपत्यात बी तसंच. जरा काय वाजलं की उठून उभं. दुपारचा डोळा लागलेला मी तरी बघितला न्हाई."

स्वप्नालीने वहीत नेहमीची मापं लिहिली आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली. मी वाकून वाचली: 'यांना टेकायला शिकवायचं.'

सुभेदारांची अट एकच होती. घर अक्षय तृतीयेला उभं पाहिजे आणि एकाही भिंतीने दगा द्यायचा नाही. "येक भित जरी नापास झाली म्याडम, तर दुसऱ्या दिवशी कालमाचं खड्डं. मग मला काय सांगायचं न्हाई." अख्खं गाव बघत होतं. मातीचं घर बांधणारा सुभेदार म्हणून पारावर त्यांची टिंगलही चालली होती. आणि स्वप्नालीने मनाशी ठरवलं होतं, हे मंगलने मला सांगितलं, की हे घर पडलं तर परत पुण्याला, परत काचेत. कुंडलला नापास झालेल्या पोरीकडे या भागात दुसरं कोण घर द्यायला येणार?

जोत्याला दगड, वर गावच्या पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, वर कौलं. बाहेरून चुन्याचा गिलावा. गिलाव्यासाठी तिने मिरजेहून दस्तगीरचाचा गवंडी शोधून आणले. वय सत्तरच्या पुढे, पान कायम गालात, आणि चुन्याचं काम अंगात मुरलेलं. चुना महिनाभर भिजवायचा, घाण्यात मळायचा, त्यात हिरड्याचं पाणी आणि थोडा गूळ. गुळाने चुना चांगला धरतो. पण किती, तर एका घाणीला, म्हणजे एका वेळी मळलेल्या चुन्याला, एक वाटी. स्वप्नालीने त्या वाटीला आतून खूणही केली होती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तिला अचानक उंब्रजला जावं लागलं. आदल्या दिवशी वडिलांचा फोन आला होता. काय काम आहे ते बोलली नाही. मला म्हणाली, "काका, उद्याचा एक दिवस साइटवर बसाल? तुम्ही काहीही करू नका. फक्त गूळ मोजा. चाचा दुपारी नमाजला जातात तेव्हा घाण्यापाशी राहा." आणि वाटी माझ्या हातात दिली.

अडतीस वर्षं मी सिमेंटची पोती मोजली. ठेकेदारांची एक थापी इकडची तिकडे होऊ दिली नाही. मला वाटीभर गुळाचं काय कौतुक? मी कुंडलला पोचलो, सकाळच्या दोन घाण्या चाचांच्या देखरेखीत वाटीने मोजून घातल्या. बारा वाजता चाचा नमाजला गेले. साडेबाराला सुभेदार आले.

मी वाटीत गूळ भरत होतो. सुभेदार थबकले.

"सायेब, ह्ये काय चाललंय?"

"गूळ मोजतोय."

"माझ्या दारात?" त्यांचा चेहरा पडला. "वाटीनं? आवं, गुऱ्हाळ आमचं, ऊस आमचा, आणि घराच्या भितीला वाटीनं गूळ? उद्या गावात काय म्हंतील, सुभेदारानं हात आखडला?"

मी सांगायचा प्रयत्न केला की प्रमाण असतं. सुभेदार म्हणाले, प्रमाण दुकानात असतंय. तोवर त्यांच्या हाकेसरशी गुऱ्हाळातून दोन गड्यांनी ढेपा उचलून आणल्या होत्या. "भिताडानं आयुष्यात येकदाच खायाचं हाय," सुभेदार म्हणाले. "पोटभर खाऊ द्या की." आणि स्वतःच्या हाताने ढेप फोडून घाण्यात टाकली. मग दुसरी.

मी अडवायला हवं होतं. पण त्याच वेळी शालनकाकींनी माझ्यापुढे गरम पोळी आणि वाटीभर काकवी ठेवली. वर तूप. पाहुण्याला हात आखडून वाढायची त्या घरात पद्धत नाही, आणि त्यांच्याच घरचं खात असताना गुळावरून त्यांना टोकायचं मला भारी जड गेलं. मी मनात म्हटलं, गूळच आहे, जास्त झाला तर काय बिघडतंय? सिमेंट जास्त पडलं तर भिंत पक्कीच होते. हा माझा अभियांत्रिकी विचार.

चाचा परत आले तोवर एक पूर्ण भिंत लिंपून झाली होती, ती पण रस्त्याकडची. त्यांनी बोटावर थोडा गिलावा घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि डोळे मिटले.

"या अल्ला," चाचा म्हणाले. "सायेब, ह्यो गिलावा हाय का बासुंदी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगळ्यांची रांग विहिरीपासून भिंतीपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी मधमाश्या. चौथ्या दिवशी शेजारच्यांची शेळी दावं तोडून आली आणि भिंत चाटत उभी राहिली, हाकललं तरी हलेना. आठ दिवस झाले तरी गिलावा धरेना, बोट लावलं की आत जायचं. पारावरच्या मंडळींना तर उधाण आलं. "सुभेदार, चा प्यायला येतो, साकर आनू नका, भित हाय न्हवं?"

स्वप्नाली मात्र उंब्रजहून दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, परतून भिंतीसमोर उभी राहिली होती. मी सगळं खरं खरं सांगितलं. पोळी आणि काकवीसकट.

"काका!" ती कडाडली. "तुमास्नी येकच काम सांगितलं व्हतं! येकच! वाटी दिली व्हती हातात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठेकेदार माझ्यापुढे मान खाली घालायचे तशी मी घातली. मग ती मातीत खाली बसली, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. तिचे डोळे आधीपासूनच सुजलेले होते, हे मला तेव्हा दिसलं. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

नवव्या दिवशी सुभेदारांनी निरोप पाठवला. कालमवाला ठेकेदार दुपारी येतोय, म्याडमना घेऊन या. आम्ही गेलो. बारा-साडेबाराचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मंगलही हट्टाने आली होती. पोरीला एकटी सोडायची नाही म्हणाली. सुभेदार नव्या घराच्या सोप्यात येरझाऱ्या घालत होते. ठेकेदाराला यायला उशीर होता.

"बसा की काका," स्वप्नाली म्हणाली. "कट्टा सुकलाय. तुमच्याच मापाचा आहे. निदान पाडायच्या आधी एकदा बसून तर बघा."

सुभेदार बसले. अर्थातच सावधानमध्ये. आम्ही बाहेर आंब्याखाली बसलो आणि शालनकाकींनी ताक आणलं. कट्टा त्यांच्या गुडघ्याच्या बरोबर होता, मागची भिंत पाठीला जरा उतरती केलेली होती, आणि डोकं टेकेल तिथे तिने भिंतीत थोडा खोलगट भाग ठेवला होता. दीड हात मातीच्या आत बाहेरचं ऊन पोचत नव्हतं. समोरच्या खिडकीतून विहिरीवरचा वारा येत होता.

थोड्या वेळाने आतून काहीतरी आवाज यायला लागला. शालनकाकींना वाटलं, मधमाश्या परत आल्या. त्या उठून दारात गेल्या आणि तशाच मागे फिरल्या, तोंडावर बोट ठेवून.

सुभेदार घोरत होते. डोकं त्या खोलगट जागेत, तोंड उघडं, एक चप्पल पायात आणि एक खाली. फौजेतल्या माणसाची इतकी पूर्ण शरणागती मी कधी बघितली नव्हती.

ठेकेदाराची मोटारसायकल फाट्यावर वळताना दिसली तेव्हा शालनकाकी स्वतः रस्त्यापर्यंत धावत गेल्या. "गाडी हितंच बंद कर," त्यांनी त्याला बजावलं. "मानूस झोपलंय माझं. जा आता, आमाला कालम न्हाई लागत."

सुभेदार साडेतीनला उठले. इकडे तिकडे बघितलं, चप्पल शोधली, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "म्याडम, रस्त्याकडची भित खरवडून घ्या. आणि गूळ तुमी म्हंता तसा. वाटीनं."

दुसऱ्या दिवशी शालनकाकी गल्लीतल्या आठ-दहा बायका घेऊन खुरपी, उलथनी, हाताला लागेल ते घेऊन भिंतीला भिडल्या. आतल्या स्वयंपाकघराला चुना नको, मातीचाच हात द्यायचा ठरला होता, तो त्यांनी स्वतः दिला. त्यांच्या बोटांच्या कमानी भिंतीवर उमटल्या, एकीला लागून एक. मी म्हणालो, वरून एकदा गुळगुळीत करून घेऊ. स्वप्नालीने माझा हात धरला. "नको काका. राहू द्या तशाच." आणि पटकन तोंड फिरवलं.

अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली. पारावरची सगळी मंडळी जेवली, प्रत्येकाने कट्ट्यावर बसून बघितलं, आणि दोघांनी तर निघताना स्वप्नालीला बाजूला घेऊन, "आमचं बी माप घिऊन ठेवा" असं सांगितलं. मी आणि मंगल सोप्यात टेकलो होतो. स्वप्नाली चाचांना वाढत होती आणि मापवही माझ्याकडे सांभाळायला दिली होती. आपलं पान बघावं म्हणून मी ती उघडली.

माझ्या पानाच्या कितीतरी आधी, अगदी पहिलं पान होतं. वर लिहिलं होतं, 'आई'.

उंचीपुढे रेघ. गुडघ्यापुढे रेघ. कोपरापुढे, बसल्यावर डोळे कुठे, त्यापुढेही रेघ. सगळं पान कोरं. फक्त 'हात कुठवर पोचतो' यापुढे ताज्या शाईत एक माप होतं: सहा फूट चार इंच. खाली तारीख. तो गुळाचा शुक्रवार.

स्वप्नाली आली तेव्हा पान उघडंच होतं. मी वही मिटायला गेलो तर ती शेजारी बसली.

"उंब्रजचं घर कधीच पाडलं," ती म्हणाली. "गोठा राहिला होता. त्याच्या आतल्या भिंतीला आईनं हात दिला होता, ती असताना शेवटचा. तिचा एक फोटो आहे, तो पण लग्नातला, खुर्चीवर बसलेला. त्यात उंची कळत नाही. पण भिंतीवर बोटं होती. मी लहानपणी त्यात माझी बोटं घालून बघायचे. काका म्हणजे चुलते, त्या शुक्रवारी गोठा पाडणार होते. नवीन पक्का बांधायचाय त्यांना. मी आधी पोचले आणि सगळ्यात वरची खूण मोजून घेतली. एवढंच मिळालं."

मी सिमेंटवाला माणूस. सिमेंटवर कुणाचा हात राहत नाही, थापीने घोटून टाकतो आम्ही. मला भरून आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मंगल मात्र वही घेऊन पानं उलटत होती. शेवटपर्यंत उलटली आणि म्हणाली, "यात तुझं पान कुठाय गं?"

"माझं कशाला? आणि स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही, काकू."

"ऊठ," मंगल म्हणाली. "टेप दे इकडं. भिंतीला पाठ लाव. हात वर कर. नुसता वर नव्हे, लिंपताना करतेस तसा."

चार फूट दहा इंचांची मंगल कट्ट्यावर चढली आणि तिने टेप धरली. मी खाली वाकून दुसरं टोक जमिनीला टेकवलं. तिने आकडा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सहा फूट चार."

स्वप्नालीचा हात तसाच वर राहिला.

"पण काकू," ती कशीबशी म्हणाली, "आईनं टाचा उचलल्या असतील तर?"

"अगं, मातीचा हात देताना टाचा उचलून चालतं होय? जोर कुठून येणार? तोल जातो. विचार त्या शालनला."

शालनकाकी दारात उभ्या होत्याच. "व्हय," त्या म्हणाल्या. "पाय पुरं टेकाय लागत्यात."

मंगलने आधी तिला उभीच मोजली, मग कट्ट्यावर बसवलं आणि टेपने एकेक माप घेतलं. उंची, गुडघा, कोपर, बसल्यावर डोळे. मी वहीत लिहीत गेलो. स्वप्नालीच्या नव्या पानावर नाही. पहिल्या पानावर, रेघांच्या पुढे, एकेक करून. स्वप्नाली बघत होती. तिने मला अडवलं नाही. रडत होती आणि हसतही होती, आणि चाचा लांबून विचारत होते की पोरीला काय झालं, जिलबी संपली का?

गेल्या महिन्यात मी आमच्या स्वयंपाकघरातला ओटा फोडला आणि एकोणतीस इंचांचा करून घेतला. पाट देवघरात परत गेला. पाटाची कथा मात्र चालू आहे. मग मी स्वप्नालीला म्हणालो, तुझ्या खोलीबाहेर, ती वाऱ्याची जागा आहे तिथे, जिन्यालगत एक कट्टा बांधू. मातीचा, वर चुना. ती कागद घेऊन बसली.

"उंची तर पहिल्या पानावर ठरलेलीच आहे," ती म्हणाली. "लांबी किती धरू काका?"

मी मंगलकडे बघितलं.

"दोघी बसतील एवढी धर," मंगल म्हणाली.

स्वप्नालीने मान खाली घालून आकडा लिहिला. दस्तगीरचाचा सोमवारी आले. गूळ मी स्वतः मोजला, वाटीने, खुणेपर्यंत, आणि त्या दिवशी दुपारी कुणाकडेही काही खाल्लं नाही.